हळू दाबलेलं पेडल

बुगियास, ६ नोव्हेंबर

प्रिय मानोंग बासिल,

आधी काय घडलं ते नुसतं क्रमाने लिहिते. बाकीचं नंतर.

१. २१ ऑगस्ट, सकाळी पावणेअकरा. दरडीचे दगड हटवणं चालू होतं म्हणून चढावर गाड्यांची रांग लागली होती. कोबीने भरलेला सोसायटीचा ट्रक तू चालवत होतास. पुढे एक जीपनी होती, प्रवाशांनी भरलेली.

२. जीपनी हलली. तू पहिला गिअर टाकलास, हँडब्रेक सोडलास, ॲक्सिलरेटर दिलास. जीपनी लगेच पुन्हा थांबली. तुझं म्हणणं असं, की क्लचचं पेडल अजून पूर्ण खालीच होतं, तू ते सोडलंच नव्हतंस. ट्रक तरीही पुढे गेला.

३. ट्रक जीपनीच्या मागच्या पायरीला लागला. पायरीवर उतरायला उभ्या असलेल्या म्हाताऱ्या आपो तोमासा खाली पडल्या. त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं.

४. २३ ऑगस्टला सोसायटीची तंत्रज्ञ म्हणून मी ट्रक तपासला. पेडल वीस वेळा दाबलं. वीसही वेळा क्लच नीट सुटला. ऑइलची पातळी बरोबर, गळती कुठेही नाही. मी लिहिलं, ‘वाहनात दोष आढळला नाही.’ खाली सही केली.

५. २ सप्टेंबरला लाकाय दुमालांच्या अंगणात निवाड्याला तोंगतोंग बसली. म्हाताऱ्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. मी माझा कागद वाचून दाखवला. तू म्हणालास, ‘पाय चुकला.’ डुक्कर कापलं, दोन्ही बाजू एका ताटात जेवल्या, तंटा मिटला.

६. ९ सप्टेंबरला तू ट्रकची किल्ली सोसायटीच्या खिळ्याला अडकवून कासिबूला संत्र्याच्या बागेत कामाला गेलास.

७. ४ नोव्हेंबरला, म्हणजे परवा, मला कळलं की वरचं चौथं कलम चुकीचं आहे.

सातवं कलम लिहायला मला दोन दिवस लागले. फोनवर सांगता आलं असतं, पण बागेत तुझा फोन लागत नाही आणि लागतो तेव्हा तू माझा उचलत नाहीस. मानांग विसेंताला मात्र दर रविवारी ‘जेवलो, बरा आहे’ एवढा निरोप येतो. त्या तीन शब्दांवर तुझी बायको आठवडा काढते. हे पत्र तिचा भाऊ शुक्रवारी संत्री आणायला तिकडे येतोय त्याच्या हाती देते आहे. सोबत धुरावर वाळवलेल्या मांसाचा एक तुकडाही आहे. चुलीवरचा मोठा तुकडा ती कुणाला कापू देत नाही. मी एकदा सुरी घेऊन उभी राहिले तर म्हणाली, ‘तो तुझ्या भावाचा आहे. तुला एवढीच भूक असेल तर रताळी उकडलीत, खा.’ ती माझ्याशी बोलते. पूर्वीइतकं नाही, पण बोलते. माझ्या कागदाबद्दल तिने एकदाही काही म्हटलं नाही. हे मी लिहून ठेवते, कारण ते माझ्या लक्षात आहे.

ट्रक सध्या देल्मो चालवतो, म्हणजे परवापर्यंत चालवत होता. पोरगा बरा आहे, पण गाडीला घाई शिकवतो. मागच्या फळीवर तू लाल रंगाने लिहून ठेवलंस ते त्याने पुसलं नाही. ‘तक्रार असेल तर माझ्या बहिणीला सांगा.’ मी परीक्षा पास झाले त्या आठवड्यात तू ते रंगवलं होतंस आणि मी चिडले होते. तुला वाटलं होतं मी लाजले. ऑगस्टनंतर बाजारात भाजी उतरवणारे ते मोठ्याने वाचायचे आणि माझ्याकडे बघायचे. एकजण म्हणाला, ‘ए सेन्या, भावाने तक्रार केली होती का गं? काय उत्तर दिलंस?’ मी तशीच पुढे चालत गेले. पण प्रश्न बरोबर होता. तू तक्रार केली होतीस. जूनमध्ये एकदा, जुलैत दोनदा. माझ्या वहीत तारखा आहेत. ‘पेडल कधीकधी आपोआप बसतं’, असं तू म्हणालास, आणि तिन्ही वेळा माझ्या अक्षरात पुढे लिहिलंय, ‘तपासलं. ठीक.’

हा ट्रक आला तो दिवस तुला आठवतो का? मी पंधरा वर्षांची होते. जपानमध्ये म्हातारा झालेला ट्रक, स्टिअरिंग उजवीकडे. इथल्या नियमाप्रमाणे खाली सपाटीवरच्या कारखान्यात ते डावीकडे आणलं. सगळेच आणतात, तसंच. पण स्टिअरिंगबरोबर पेडलंही इकडे आली आणि गिअरबॉक्सवरचा क्लचचा खालचा सिलिंडर मात्र जिथे होता तिथेच राहिला. मग वरच्या सिलिंडरपासून खालच्यापर्यंत जाणारी ऑइलची नळी त्यांनी इंजिनच्या मागून उंटाच्या पाठीसारखी वाकवून पलीकडे नेली. त्या उंचवट्यात हवा बसायची. ऑइल दाबलं तर दबत नाही, म्हणून पायाचा जोर नळीतून गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. हवा मात्र दबते आणि पायाचा जोर गिळून टाकते. तीन दिवस आपण ती हवा काढत होतो. मी ट्रकखाली, नळीच्या टोकाला पाना लावून. तू वर, सीटवर. मी ओरडायचे, ‘दाब.’ तू दाबून ओरडायचास, ‘धरलंय.’ मी पाना फिरवायचे, बुडबुडे यायचे, पाना बंद करायचे, मग ‘सोड.’ दाब, धरलंय, सोड. शेजारची म्हातारी म्हणाली, ‘या दोघांना भूत लागलंय, तीनच शब्द बोलतात.’ तिसऱ्या दिवशी तू डुकरांना औषध टोचायची मोठी पिचकारी आणलीस आणि आपण खालून वर ऑइल ढकललं. हवा हलकी असते, तिला वरच जायचं असतं, तिला खाली ओढत होतो हीच आपली चूक होती. ऑइलच्या वरच्या डब्यात एकच मोठा बुडबुडा फुटला आणि पेडल दगडासारखं घट्ट झालं. तू मला ट्रकखालून ओढून काढलंस आणि म्हणालास, ‘डोकं चालतं तुझं. शिकशील?’ पिचकारीची कल्पना तुझी होती. पण ते श्रेय तेव्हापासून माझ्याच नावावर आहे आणि मी कधी ते परत दिलं नाही.

आणखी एक. त्या तीन दिवसांत मी ट्रकखाली होते, मला तुझा पाय दिसत नव्हता. तू ‘धरलंय’ म्हणालास की मी मानायचे. न मानून चाललं नसतं. पाय जरा आधी सुटला असता तर हवा पुन्हा आत ओढली गेली असती. एकदाही तसं झालं नाही. हे मला ऑगस्टमध्ये आठवायला हवं होतं.

आता २३ ऑगस्टबद्दल. तेव्हा सोसायटीच्या अंगणात बरेच लोक जमले होते. जीपनीचा मालक होता, सोसायटीचे दोघे होते, आणि कुणीतरी मागून म्हणालं, ‘बहीणच तपासणार, मग काय, भाऊ सुटलाच.’ मी ऐकलं. म्हणून मी नेहमीपेक्षा कडक तपासलं. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. मी सीटवर बसले आणि पेडल वीस वेळा मारलं. दाबलं नाही, मारलं, जसं शिकवतात तसं, एका दमात तळापर्यंत. वीसही वेळा क्लच सुटला. मग खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणाले, ‘गाडीत दोष नाही.’ तू बाजूला उभा होतास. फक्त एवढंच म्हणालास, ‘सेन्या, मी धरलं होतं.’ मी म्हणाले, ‘मशीन तसं म्हणत नाही, मानोंग.’ त्यावर मागचे लोक गप्प झाले आणि मला बरं वाटलं. मला बरं वाटलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

मग सगळ्यांची नजर तुझ्या डाव्या गुडघ्यावर गेली. जाणारच होती. सात वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या दगडाखाली तो सापडला तेव्हापासून तू पायऱ्या एकेक करून उतरतोस. त्या दिवशी माझी बागियोला परीक्षा होती आणि रस्ता मोकळा व्हायची वाट न बघता तू दगड ढकलायला उतरला होतास. मी वेळेवर पोहोचले. एवढंच त्याबद्दल. त्या गुडघ्याने तू पेडल मारू शकत नाहीस. तू ते हळू दाबतोस, थांबत, जणू खाली कुणी झोपलंय. देल्मो तुझी नक्कल करायचा, ‘अंकल बासिल क्लच दाबत नाहीत, क्लचची समजूत काढतात.’ तूही हसायचास.

परवा, सोमवारी, ट्रक पुढच्या चाकाच्या कामासाठी अंगणात होता. देल्मो जेवायला गेला होता. ट्रकखाली शिरलेच होते, तर क्लचचा खालचा सिलिंडरही पाहून घेऊ, असं मनात आलं. वर पेडल दाबायला कुणी नव्हतं. मानांग विसेंता मला कॉफी घेऊन आली होती. मी म्हणाले, मानांग, जरा वर बसून डावीकडचं पेडल दाबशील? ती म्हणाली, ‘मला गाडीतलं काही कळत नाही बाई, मोडलं तर?’ मोडणार नाही म्हटलं तेव्हा चढली. आणि घाबरत घाबरत दाबलं. हळू. थांबत. तुझ्यासारखं.

मी खाली पडून बघत होते. खालच्या सिलिंडरची दांडी बाहेर आली, क्लचच्या लोखंडी फाट्याला तिने ढकललं, जसं ढकलायला हवं तसं. मग ती थांबली. आणि मग, मानोंग, ती परत आत जाऊ लागली. घाई न करता. जशी गोगलगाय शिंगं आत घेते. मी वर ओरडले, ‘मानांग, पाय काढू नकोस.’

ती म्हणाली, ‘नाही काढला. धरलंय.’

मी पुन्हा विचारलं. ती चिडली, ‘अगं, तळाला टेकलाय पाय माझा! येऊन बघ हवं तर. तुम्हा भावाबहिणींना माणसाच्या शब्दावर विश्वासच नाही का?’ मी बाहेर आले, दार उघडून पाहिलं. पेडल तळाला होतं. तिचा पाय त्यावर होता, रबरी बुटासकट, तुझ्याच बुटासकट. तू गेल्यापासून ती तुझे बूट घालते. खाली मात्र दांडी, पेडल सोडल्यासारखी, परत गेली होती.

त्यानंतर मी जे करायला हवं ते केलं. दांडीवर खडूची खूण केली. हळू दाबून दहा वेळा पाहिलं. दहापैकी सात वेळा दांडी परत गेली, सरासरी अकरा सेकंदांत नऊ मिलिमीटर. क्लच पुन्हा पकडायला तेवढं पुरतं. मग देल्मो आला. त्याला नेहमीसारखं दाबायला सांगितलं. दहापैकी दहा वेळा दांडी जागेवर राहिली, मिनिटभर धरूनही. मग म्हटलं, आता हळू दाब. तो म्हणाला, ‘किती हळू? पेडलखाली अंडं ठेवलंय का?’ हो, अंडं ठेवलंय असं समज. त्याने दाबलं. दांडी बाहेर आली आणि परत गेली. तो वरून म्हणाला, ‘मी पाय नाही काढला हां!’ मग त्याला ते स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं. तो खाली उतरला, दांडीकडे बघत म्हणाला, ‘मानांग सेन्या, मी अंकलची नक्कल करायचो.’ मी म्हणाले, तेवढ्याने कुणाचं हाड मोडत नाही.

कारण असं. वरच्या सिलिंडरात रबराची एक वाटी असते, ती ऑइलला पुढे ढकलते. जोरात ढकललं तर ऑइलच्या दाबाने वाटीची कड फुलते आणि सिलिंडरच्या भिंतीला घट्ट बसते. हळू ढकललं तर कड फुलत नाही, आणि भिंत झिजलेली असेल तर ऑइल वाटीच्या बाजूने निसटून वरच्या डब्यात परत जातं. बाहेर एक थेंबही पडत नाही. डबा भरलेलाच दिसतो. म्हणून मला गळती दिसली नाही. गळती होती, ती आतल्या आत होती. जोरात मारणाऱ्या पायाला हा दोष कधीच सापडणार नाही. हळू दाबणाऱ्याला रोज सापडेल. गुडघ्याबद्दल लोक अर्धं खरं बोलत होते. तुझ्या गुडघ्यामुळेच ते घडलं, पण गुडघा चुकला नव्हता. या गाडीबद्दल खरं सांगणारा सोसायटीत तो एकच पाय होता.

हे मला माहीत नव्हतं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. पण हळू दाबूनही तपासायचं असतं, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. माझ्या जुन्या वहीत ते आहे, खाली दोन रेघा मारून. मी केलं नाही, कारण हळू दाबणं मला म्हातारपणाचं लक्षण वाटायचं. भिंत झिजलेली का, तेही बहुधा मला माहीत आहे. दोन वर्षांपूर्वी त्या सिलिंडरात गंजाचे ठिपके दिसले होते. नवा सिलिंडर या गाडीला आता कुठे मिळत नाही, म्हणून मी बारीक पॉलिशपेपरने तो आतून घासला आणि नवी वाटी बसवली. इथे सगळेच तसं करतात. घासलं की भिंत गुळगुळीत होते आणि केसभर रुंदही होते. वाटी तेवढीच राहते. मी किती घासलं ते मोजलं नव्हतं. हा अंदाज आहे. सिलिंडर उघडल्याशिवाय खात्रीने सांगणार नाही. आणि तो मी अजून उघडलेला नाही. का, ते पुढे लिहिते.

काल मी आपो तोमासांकडे गेले. त्या उन्हात बसून घेवडा सोलत होत्या, दोन्ही हातांनी. डावा हात खांद्यापर्यंतच वर जातो. मी त्यांना सगळं सांगितलं, सिलिंडरसकट. त्यांनी सिलिंडरचा भाग सोडून दिला. म्हणाल्या, ‘मी पडले तेव्हा तुझा भाऊ उडी मारून आला. लंगडा पाय विसरून. त्याचं तोंड माझ्यापेक्षा पांढरं. हातात गाडी असून जो चुकतो त्याचं तोंड आधी रागाचं होतं, मग भीतीचं. तुझ्या भावाला राग आलाच नाही. मला वाटलं होतं तेव्हाच.’ मी विचारलं, मग तोंगतोंगला बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, ‘मी बोलायच्या आधीच त्याने चूक घेतली. घेतलेली चूक कोण हिसकावून घेतं?’ मग शेंगांची टोपली माझ्याकडे सरकवली, ‘नुसती बसू नकोस, सोल. आणि पुन्हा बोलावणार असाल तर पुन्हा डुक्कर लागेल. मागचं फार चिवट होतं.’ मी म्हणाले, या वेळी डुक्कर माझं. ‘मग कोवळं आण,’ म्हणाल्या.

तिथून लाकाय दुमालांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं म्हणणं शब्दशः लिहिते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ‘एका ताटात जेवून मिटवलेलं उकरायचं नसतं, पोरी. उकरत राहिलो तर या डोंगरावर एकही जेवण पचणार नाही. पण चूक ज्याने घेतली त्याने स्वतः येऊन म्हटलं, की ही माझी नव्हे, मला परत करायची आहे, तर म्हाताऱ्यांना ऐकावंच लागतं. त्याच्याच तोंडून. बायकोच्या नाही, तुझ्या तर नाहीच.’ मी म्हणाले, पण माझ्याकडे मोजमापं आहेत. ते म्हणाले, ‘मागच्या वेळीही तुझ्याकडे मोजमापं होती.’

निघताना त्यांनी एक गोष्ट विचारली. ‘तुझा भाऊ बारा वर्षं ती गाडी चालवतोय. पाय चुकला नव्हता हे त्याला तरी माहीत असेल ना? मग चुकला असं का म्हणाला?’ मी म्हणाले, माहीत नाही. ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी पुन्हा खोटा कागद वाचून दाखवतेय.

मला माहीत आहे, मानोंग. काल रस्ताभर मी ते मांडत आले. पाय चुकला नसेल तर गाडी चुकली. गाडी चुकली असेल तर गाडीवर ‘ठीक’ लिहिणारी चुकली, जूनमध्ये एकदा आणि जुलैत दोनदा आणि ऑगस्टमध्ये सहीसकट. त्या अंगणात पन्नास माणसांसमोर सही कुणाची हे निघालं असतं. माझं प्रमाणपत्र, सोसायटीतली जागा, सगळं. तू माझ्याकडे न बघता ‘पाय चुकला’ म्हणालास. मला तेव्हा वाटलं तू लाजेने बघत नाहीयेस. मी तुला माफ केलं होतं, त्या दिवशी, मनातल्या मनात. जेवताना तुझ्या पुढ्यात मांसही वाढलं होतं. आता ते आठवलं की मला नीट बसवत नाही.

आता हे पत्र का, ते. ट्रक सोमवारपासून अंगणात उभा आहे, चाकांना दगड लावून, किल्ली माझ्या खिशात. मी सिलिंडर उघडलेला नाही, वाटी बदललेली नाही, कारण बदलली की दोष जाईल आणि दोषाबरोबर तुझा शब्दही जाईल. मग उरेल तो फक्त माझा दुसरा कागद, आणि माझ्या कागदांची किंमत लाकायनी सांगितलीच आहे. कोबी शेतात तयार आहे, लोक ओरडताहेत. सोसायटीने मला शनिवार, २३ नोव्हेंबरपर्यंत मुदत दिली आहे. त्यानंतर गाडी दुरुस्त होऊन रस्त्यावर जाईल. लाकायनी त्याच दिवसाची तोंगतोंग ठेवायची कबूल केली आहे, पण तू बोलावलीस तरच. सोसायटीला मी सगळं लेखी दिलं आहे, पॉलिशपेपरसकट. माझी जागा राहील की नाही ते त्यांनी अजून ठरवलेलं नाही, आणि ते तुझ्या येण्यावर अवलंबून ठेवू नका असं मी त्यांना सांगितलं आहे. तेव्हा मला वाचवायला म्हणून तिकडे थांबू नकोस. वाचवण्यासारखं आता काही उरलेलं नाही. तू ये. सीटवर तू बस आणि तुझ्या पायाने दाब, जसं दाबतोस तसं. मी ट्रकखाली असेन, म्हातारे माझ्या बाजूला वाकून दांडीकडे बघतील. तू वरून फक्त एक शब्द ओरड. या वेळी मी मानेन. लाकायना एक आठवडा आधी निरोप लागतो, म्हणून शुक्रवार, १५ नोव्हेंबरपर्यंत मला उत्तर पाठव: येतोस की नाही.

तुझीच,
सेन्या